ताई, कुठं नेऊ? उपकेंद्रापासून मेडिकल कॉलेजपर्यंत, कुठल्या दुखण्याला कुठलं दार

फोन बहुतेक रात्रीच येतो. "ताई, आप्पांचं तोंड वाकडं झालंय, शब्द फुटेना. कुठं नेऊ?" मागं बायकांचा गलका, गाडी चालू केल्याचा आवाज. आरोग्यसेविका म्हणून मी सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागात एकतीस वर्षं काढली, आधी उपकेंद्रात, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण हा फोन काही थांबलेला नाही.

आप्पांच्या वेळी मी सांगितलं होतं, "सिटी स्कॅन आत्ता चालू असेल तिथंच न्या, निघायच्या आधी फोन करून विचारा." घाबरलेली माणसं, कोण फोन करतंय? हायवेवर एक काचेची मोठी खाजगी इमारत आहे, पाटीवर ‘मल्टीस्पेशालिटी’, तिथं गाडी घातली. स्कॅनचं मशीन होतं, पण ते चालवणारा सकाळी येणार होता. तिथून दुसरीकडे जाईपर्यंत वेळ गेली ती गेली. आप्पा वाचले, पण उजव्या हातानं घास अजून तोंडापर्यंत नेता येत नाही.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, पाटी बघून जाऊ नका. उपचार इमारत करत नाही. त्या घटकेला तिथं हजर असलेला माणूस, चालू असलेलं मशीन आणि फ्रीजमधली रक्ताची पिशवी करते. दवाखाना लहान की मोठा हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी ठरवा: आत्ता, आज, की या आठवड्यात

दवाखाना ठरवायच्या आधी घाई किती ते ठरवा. ‘आत्ता’ म्हणजे मिनिटांचा हिशोब. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटणं, तोंड वाकडं होणं किंवा एक बाजू लुळी पडणं, दम लागून बोलता न येणं, शुद्ध जाणं, न थांबणारा रक्तस्राव, सर्पदंश, विषारी औषध पोटात जाणं, अपघात, गरोदर बाईला झटके किंवा अंगावरून रक्त जाणं, तान्ह्या बाळानं दूध ओढायचं सोडणं. यातलं काहीही असेल तर पहिला फोन 108. आपल्या राज्यात 2014 पासून ही सेवा आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. फोनवर गाव, तालुका, रस्त्यावरची खूण, रुग्णाचं वय आणि नेमकं काय होतंय एवढंच सांगा. ‘लवकर या, लवकर या’ दहा वेळा म्हटल्यानं गाडी जोरात येत नाही. आणि फोन आपणहून कापू नका.

डोंगरात 108 ला पोचायला वेळ लागतो, हे मी नाकारत नाही. किती वेळात येईल ते स्पष्ट विचारा. उशीर असेल तर आपली गाडी काढा आणि वाटेत कुठं गाठ घ्यायची ते त्यांच्याशी ठरवा. हे होतं, आम्ही कितीतरी वेळा घाटाच्या पायथ्याला रुग्ण या गाडीतून त्या गाडीत घेतलाय.

लकव्याच्या रुग्णाबाबत एक गोष्ट विसरू नका. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती घड्याळातली वेळ. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देतात, आणि मेंदूत रक्तस्राव नाही हे स्कॅनवर दिसल्याशिवाय देत नाहीत. ‘रात्री झोपले तेव्हा बरे होते, सकाळी उठवायला गेलो तर असे’ असं असेल तर तसंच सांगा. अंदाजानं वेळ पुढं-मागं करू नका.

‘आज’मध्ये येतो दोन दिवस न उतरलेला ताप, उलट्या-जुलाब, कुत्रा चावणं, हात मोडल्याचा संशय. ‘या आठवड्यात’मध्ये साखर, बीपी, गुडघे, मोतीबिंदू, अंगावरची गाठ. गाठीला लोक ‘या वर्षात’ म्हणतात, ते मात्र चुकीचं.

गावातली पायरी: आशा आणि उपकेंद्र

आशाताईकडे औषधाची पेटी असते. पण तिचा खरा उपयोग वेगळा आहे, कुठल्या दवाखान्यात आज कोण आहे हे तिला माहीत असतं. तिचा नंबर मोबाइलमध्ये नसेल तर आज घ्या.

उपकेंद्र साधारण 5000 लोकवस्तीला एक, डोंगरी आणि आदिवासी भागात 3000 ला एक. तिथं आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, आणि आता बहुतेक ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी असतो. पाटी मधल्या काळात ‘आरोग्यवर्धिनी’ झाली, मग 2023 पासून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’. लोक अजून ‘सबसेंटर’च म्हणतात. लसीकरण, गरोदरपणाची नोंद आणि तपासणी, बीपी-साखर मोजणं आणि चालू गोळ्या, कुटुंबनियोजन, किरकोळ ताप-खोकला ही तिथली कामं. महिन्याच्या गोळ्यांसाठी तालुक्याला एसटीनं जाऊन अर्धा दिवस घालवणारी माणसं मी बघते. त्याच गोळ्या बऱ्याचदा चालत जाण्याच्या अंतरावर फुकट मिळतात. एकदा विचारून तर बघा.

प्राथमिक आरोग्य केंद्र: हे दार ओलांडून पुढं पळू नका

आपल्याकडं या केंद्राला, म्हणजे पीएचसीला, कमी लेखायची सवय आहे. 1946 साली देशाच्या आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या भोर समितीनं जी कल्पना मांडली, तिचंच हे रूप. साधारण 30,000 लोकांमागे एक, डोंगरी-आदिवासी भागात 20,000 मागे. डॉक्टर, सहाएक खाटा, प्रसूतीची खोली, छोटी लॅब, औषधांचं भांडार. ऑपरेशन इथं अपेक्षित नाही. पण दोन बाबतींत हेच दार सगळ्यात जवळचं आणि बरोबर असतं: साप आणि कुत्रा.

साप चावला की लोक मांत्रिक, नाहीतर थेट जिल्ह्याचं मोठं हॉस्पिटल, ही दोन टोकं गाठतात. मधल्या पीएचसीत प्रतिसर्पविष ठेवलेलं असतं आणि ते जितकं लवकर जाईल तितकं बरं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही जातींवर एकच औषध चालतं, म्हणून साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही. (एकदा एका पोरानं पिशवीत आणलेला साप मेलेला नव्हता. ओपीडी अर्ध्या मिनिटात रिकामी झाली होती.) चावलेला हात किंवा पाय लाकडी पट्टी लावून हलणार नाही असा ठेवा. करकचून बांधू नका, ब्लेड मारू नका, चोखू नका. अंगठी, जोडवी, बांगड्या लगेच काढा, सूज आल्यावर त्या कापाव्या लागतात.

दवाखान्यात गेल्यावर लोक चिडतात, "डॉक्टर इंजेक्शन देत नाही, नुसतं बसवून ठेवलंय." त्या बसण्याला अर्थ असतो. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत शिरेतलं थोडं रक्त घेतात आणि ती नळी 20 मिनिटं न हलवता टेबलावर ठेवतात. मग हळूच तिरकी करून बघतात. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलेलं आहे. साध्या नळीवर हे कळतं. मण्यारीचं मात्र वेगळं. रात्री जमिनीवर झोपलेल्याला ती चावते, दुखत नाही, खूण सापडत नाही, आणि पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात. जमिनीवर झोपलेल्या पोराच्या पापण्या सकाळी उघडेनात, तर ‘झोप झाली नसेल’ म्हणू नका. अशा रुग्णाला श्वासाचं मशीन लागू शकतं. म्हणून पीएचसीत पहिली मात्रा आणि मग 108 नं पुढं, हा क्रम.

विंचवाचीही तीच गोष्ट. कोकणातल्या लाल विंचवानं पोरं जायची. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे मृत्यू जवळून पाहिले आणि पुढं प्राझोसिन या बीपीच्या साध्या गोळीनं ते रोखता येतात हे दाखवलं. जगभर वापरली गेलेली ती पद्धत आपल्याकडच्या अशाच दवाखान्यांत उभी राहिली. पीएचसीकडं नाक मुरडणाऱ्यांना मी हे हमखास ऐकवते.

कुत्रा चावल्यावर आधी नळाखाली साबणानं जखम धुवा, पूर्ण 15 मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही नाही. मग त्याच दिवशी पीएचसी. लस दंडात घेतात, पोटात चौदा इंजेक्शनं हा प्रकार कधीच बंद झाला. लशीच्या तारखा कार्डावर लिहून देतात, पहिल्या दिवसानंतर तिसरा, सातवा आणि पुढच्या. रक्त आलेली खोल जखम असेल, विशेषतः तोंडावर किंवा बोटांवर, तर लशीबरोबर जखमेभोवती सीरमही (तयार प्रतिकारद्रव्य) टोचावं लागतं. ते छोट्या दवाखान्यात नसलं तर डॉक्टर पुढं पाठवतात. तिथं कंटाळा करायचा नाही.

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय: तीन गोष्टी विचारा

तालुक्याच्या गावाला 30 खाटांचं ग्रामीण रुग्णालय असतं, मोठ्या तालुक्याला 50 किंवा 100 खाटांचं उपजिल्हा रुग्णालय. कागदावर इथं फिजिशियन, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ असायला हवेत. प्रत्यक्षात यातली कुठली खुर्ची रिकामी आहे, हे त्या तालुक्यातला चहावालाही सांगतो. एक्स-रे, ईसीजी, लहान शस्त्रक्रिया, पट्टी-प्लॅस्टर, क्षयाची थुंकी तपासणी, एचआयव्ही तपासणी, नसबंदी ही कामं इथं नीट होतात.

छातीत दुखत असेल तर ईसीजी जिथं सगळ्यात आधी निघेल तिथं जा. ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पाजून घरी बसवलेले दोन जण मी माझ्या हयातीत गमावलेत, त्यातला एक सख्खा मामा. ईसीजीत झटका दिसला तर काही ठिकाणी गाठ विरघळवायचं इंजेक्शन तिथंच देतात आणि मग अँजिओप्लास्टीची सोय आहे तिथं पाठवतात. साध्या दवाखान्यातली ही दहा मिनिटं वाया जात नाहीत.

बाळंतपणाचा हिशोब मात्र आठव्या महिन्यातच करून ठेवायचा. साधी प्रसूती उपकेंद्रात किंवा पीएचसीत होते. सिझर लागलं तर तीन गोष्टी एकाच वेळी एका छपराखाली लागतात: स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त. ग्रामीण रुग्णालयात फोन करून नेमकं हेच विचारा, "भूलतज्ज्ञ रोज असतात की बोलावले तर येतात? रक्तसाठा आहे का?" उत्तर अडखळलं तर दुसरं ठिकाण धरा. हिमोग्लोबिन 7 च्या खाली, आधीचं सिझर, जुळी, बाळ आडवं, बीपी वाढलेलं, यांपैकी काही असेल तर कळा सुरू व्हायची वाट न बघता जिल्हा रुग्णालयात नाव घाला. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते, हे सगळं तिथंच कळतं. आदिवासी भागात काही पीएचसींना जोडून माहेरघर आहे, आधी चार दिवस येऊन राहता येतं. सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझर, औषधं, जेवण, रक्त सगळं मोफत, आणि नेण्या-आणण्यासाठी 102 ची गाडी. घरी परत सोडायला 108 मागू नका, ते काम 102 चं.

सिव्हिल

जिल्हा रुग्णालयाला सगळे ‘सिव्हिल’ म्हणतात. इथं शस्त्रक्रिया, रक्तपेढी, डायलिसिस, स्कॅन, आणि आजारी नवजात बाळांचा कक्ष असतो. बाळ 1800 ग्रॅमच्या आत किंवा दिवस भरायच्या बरंच आधी जन्मलं, तर त्याची जागा या कक्षात. आणि नेताना बाळ गाठोड्यात नको, आईच्या छातीला उघड्या अंगानं लावून, वरून पांघरून न्यायचं. बाळ वाटेत गार पडलं तर पुढचा कक्ष कितीही चांगला असला तरी डॉक्टरांचे हात बांधले जातात.

सिव्हिलच्या आणखी दोन-तीन कामांसाठी माणसं उगाच एजंटाला पैसे देतात: दिव्यांग प्रमाणपत्र, मारामारीत किंवा अपघातात लागलेल्याची पोलीस नोंद असलेली तपासणी, वयाचा दाखला. ठरलेले वार असतात, आवारातल्या फलकावर लिहिलेले.

15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे पीएचसी ते सिव्हिल, तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरसुद्धा. मेडिकल कॉलेजं वेगळ्या खात्याची, तिथं ठरलेलं शुल्क लागतं. माणसं इथं फसतात. ‘सरकारी म्हणजे फुकट’ समजून ती रिकाम्या खिशानं जातात.

मेडिकल कॉलेजचं रुग्णालय: एक दिवस राखून जा

पुण्याचं ससून, मुंबईचं जे. जे., नागपूरचं मेडिकल, छत्रपती संभाजीनगरचं घाटी, कोल्हापूरचं सीपीआर ही राज्य सरकारची. मुंबईतली केईएम, सायन, नायर ही महापालिकेची. सिंधुदुर्गातले लोक पिढ्यानपिढ्या गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला जातात. तिथं 2018 पासून बाहेरच्या राज्यातल्यांना शुल्क लागतं, म्हणून जाताना रेशन कार्ड घ्या आणि महाराष्ट्राच्या योजनेत बसतं का ते आधी विचारा.

इथं सगळी खाती आहेत आणि गर्दीही तितकीच. पहिल्यांदा जाणाऱ्यानं सकाळी लवकर पोचावं. केसपेपरची खिडकी उघडायच्या आधी रांग लागलेली असते. कुठल्या विभागाची ओपीडी कुठल्या वारी आणि त्यात कुठलं युनिट, म्हणजे डॉक्टरांचा कुठला गट, हे महत्त्वाचं. गुरुवारच्या युनिटनं तपासलेल्या माणसानं पुढच्या वेळी गुरुवारीच जायचं, नाहीतर नवा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून विचारतो. बरोबर दोघं असावेत, एक रुग्णाजवळ, एक रक्ताच्या नळ्या घेऊन लॅब ते एक्स-रे पळायला. वॉर्डात तरुण डॉक्टर भरभर बोलतात, झोप झालेली नसते. त्यांच्यावर आवाज चढवून काही मिळत नाही. शांतपणे विचारा, "साहेब, आजाराचं नाव कागदावर लिहून देता का?" लिहून देतात. आणि वॉर्डातल्या सिस्टरला आधी नमस्कार करा. हे मी सिस्टर होते म्हणून सांगत नाही. बरं, थोडं म्हणूनही सांगते.

खाजगी आणि धर्मादाय

गल्लीतला ओळखीचा डॉक्टर हा खाजगीतला सगळ्यात कामाचा माणूस. तुमच्या घरातलं कोण कुठल्या गोळीनं उलटतं हे त्याला पाठ असतं. त्याला विचारल्याशिवाय थेट स्पेशालिस्टकडं पळणं म्हणजे बऱ्याचदा गुडघ्याच्या दुखण्याला हृदयाच्या तपासण्या करून घेणं. नर्सिंग होममध्ये दाखल होताना भिंतीवर नोंदणी क्रमांक, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद आहे का ते बघा. 2021 पासून राज्याच्या नियमात ते लावणं बंधनकारक आहे. दर विचारायला लाजू नका. खोलीचा दर वाढला की डॉक्टरांच्या भेटीचा, तपासण्यांचा दरही वाढतो, ही मेख बिलाच्या दिवशीच कळते. जीवघेण्या प्रसंगी पहिला उपचार नाकारता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं हे 1989 सालीच स्पष्ट केलंय. आणि बिल राहिलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

काही नामांकित, झगमगीत हॉस्पिटलं प्रत्यक्षात सार्वजनिक न्यासाची असतात, म्हणजे धर्मादाय, हे बहुतेकांना माहीत नसतं. उच्च न्यायालयानं मान्य केलेल्या 2006 च्या योजनेनुसार त्यांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि 10 टक्के आर्थिक दुर्बलांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये. कागद म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्न दाखला किंवा पिवळं-केशरी रेशन कार्ड. रिसेप्शनवर ‘सवलत आहे का’ असं मोघम विचारू नका, कुणीही ‘नाही’ म्हणेल. "तुमचे वैद्यकीय समाजसेवक कुठं बसतात?" असं विचारा आणि त्यांच्याकडंच अर्ज द्या, पोच घ्या. ‘खाटा भरल्यात’ म्हणाले तर ते लिहून मागा. लिहून मागितलं की कधी कधी एखादी खाट सापडते, हा माझा अनुभव.

कारखान्यात पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापून जात असेल तर त्या रुग्णालयाचा हक्क तुमचा आणि घरच्यांचाही. पगारपत्रक एकदा डोळे उघडे ठेवून वाचा.

पैसे भरायच्या आधी: आरोग्यमित्र

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या रेशन कार्डधारकांना लागू आहे, पांढरं कार्डसुद्धा, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. पण ती सगळ्या रुग्णालयांत नाही, सगळ्या आजारांना नाही, आणि नुसत्या ओपीडीला तर नाहीच. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं. क्रम असा ठेवा: आधी आरोग्यमित्र, मग डिपॉझिटची खिडकी. एकदा रोख भरून दाखल झालात की नंतर योजनेत घेताना टाळाटाळ होते. रुग्ण गंभीर असेल आणि कागद घरी राहिले असतील तर तसं आरोग्यमित्राला सांगा. तातडीची मंजुरी घेता येते, कागद मागून आणता येतात. रेशन कार्ड आणि आधार, दोन्हींवर नावाचं स्पेलिंग जुळत नसेल तर ते आजच दुरुस्त करा. आमच्या गावात एका बाईचं नाव एका कार्डावर शेवंता, दुसऱ्यावर शेवंताबाई. त्या ‘बाई’पायी हृदयाची शस्त्रक्रिया अकरा दिवस लांबली. योजनेचा दूरध्वनी 155388.

रस्ते अपघातासाठी 2025 पासून केंद्राची वेगळी योजना आहे, ठरलेल्या रुग्णालयांत पहिले 7 दिवस दीड लाखांपर्यंत रोख न भरता उपचार. आणि जखमीला आणून पोचवणाऱ्याला पोलीस बळजबरीनं साक्षीदार करू शकत नाहीत. भीतीनं कुणाला रस्त्यावर सोडू नका.

रेफर केलं म्हणजे काय करायचं

‘पुढं न्या’ म्हणजे हाकलून दिलं असं लोक समजतात. रेफर चिठ्ठीवर चार गोष्टी आहेत का एवढं बघा: काय दिलं, किती वाजता दिलं, काय सापडलं, आणि पुढं कुठल्या सोयीसाठी पाठवतोय. मग डॉक्टरांनाच सांगा, "साहेब, तिथं एक फोन करता का, खाट आहे का म्हणून?" दोन मिनिटांचा हा फोन आप्पांसारखी पळापळ वाचवतो. सगळे रिपोर्ट, एक्स-रेच्या फिल्म, ईसीजीची पट्टी बरोबर न्या. ईसीजीचा कागद काही महिन्यांत पुसट होतो, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. उपचाराचे कागद मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असतात, हा नियम आहे.

काही वेगळी दारं

मनाच्या आजारासाठी ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. पण आधी सिव्हिलची मानसोपचार ओपीडी, बहुतेकांना दाखल व्हावंच लागत नाही. रात्री-बेरात्री बोलायला 14416 हा मोफत क्रमांक. कॅन्सर म्हटलं की सगळे परळच्या टाटाला धावतात, तिथल्या फुटपाथवर महिने काढतात. बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथंही कॅन्सरची रुग्णालयं आहेत. आधी जवळचं विचारा. कुठंही गेलात तरी तुकडा काढून तपासलेल्या गाठीचा मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या पहिल्या लॅबमधून मागून घ्या, नुसता रिपोर्ट चालत नाही.

आणि जिथं उपचार थांबलेत, फक्त वेदना उरल्यात, तिथं माणसाला आयसीयूत नळ्या लावून ठेवणं हा एकच मार्ग नसतो. पुण्यात वारज्याला, मुंबईत वांद्र्याला अशा रुग्णांसाठी केंद्रं आहेत, घरच्यांनाही तिथं शिकवतात. माझ्या सासूबाईंचे शेवटचे दोन महिने घरच्या ओटीवर गेले. रोज जखम धुवायची, वेळेवर वेदनेचं औषध, आणि अंगणातली कोंबडी दिसेल अशी खाट.

तक्रार कुठं

पीएचसी आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडं, म्हणून आधी तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालयापासून सिव्हिलपर्यंत वैद्यकीय अधीक्षक आणि जिल्हा शल्यचिकित्सक. मेडिकल कॉलेजचे अधिष्ठाता. धर्मादायबद्दल धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. सिव्हिलची तक्रार झेडपीत देऊन सहा महिने वाट बघणारे मी पाहिलेत. तक्रारीत तारीख, वेळ, वॉर्ड आणि काय मिळालं नाही एवढं असावं. शिव्या नकोत, पोच हवी.

कपाटाच्या दारावरचा कागद

हे सगळं रात्री दोन वाजता आठवत नाही. म्हणून आजच एक कागद घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. त्यावर 108, 102, आशाताई, पीएचसी, ग्रामीण रुग्णालय आणि सिव्हिलचा अपघात विभाग. रात्री स्कॅन चालू असणाऱ्या एका ठिकाणाचा नंबर, आधी फोन करून खात्री केलेला, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारलेला. घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट, चालू गोळ्या, कुठलं औषध सोसत नाही ते. कागदाखाली पिशवीत रेशन कार्ड आणि आधारच्या झेरॉक्स, हजार-दोन हजार सुटे, आणि चार्जर, वॉर्डात चार्जर कुणी उसना देत नाही.

सगळ्यात खाली रात्री फोन उचलणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर. आमच्या आळीत तो पिकअपवाला आहे. पहिल्या रिंगला उठतो, घाट डोळे मिटून उतरतो, फक्त डिझेलचे पैसे आधी मागतो.